संथ सरकणारी जमीन

पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. त्या संगमाच्या काठाने ज्यांचे दिवस गेले आहेत त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही, ती ही की नदीचा काठ भर पुरात सहसा पडत नाही. तो पडतो पूर ओसरल्यावर. पाणी चढत असते तेव्हा सर्वांचे लक्ष पाण्याकडे असते, धरणातून किती विसर्ग सोडला आणि हॅरिस पुलाखाली पाणी कोठवर आले याच्या वार्ता घरोघर फिरत असतात, आणि काठ मात्र त्या साऱ्या गदारोळात जागच्या जागी उभा असतो. मग धरणाचे दरवाजे मिटतात, ऊन पडते, लोक घरातला गाळ उपसू लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्या निवांत दुपारी काठाचा दहा-बारा हात लांबीचा तुकडा, वरच्या बाभळीसकट, थकलेल्या माणसाने बसकण मारावी तसा खाली उतरतो. चढलेले पाणी काठाला भिजवीत असले तरी बाहेरून त्याला टेकूही देत असते. हा टेकू काही तासांत काढून घेतला जातो, परंतु मातीच्या पोटात शिरलेले पाणी तितक्या त्वरेने बाहेर येऊ शकत नाही. नुसत्या चिकणमातीतून पाणी झिरपते ते पुष्कळदा वर्षाला काही सेंटिमीटर अशा गतीने, आणि काठाच्या गाळमिश्र मातीतही तो हिशेब दिवसांचा असतो, तासांचा नसतो. नदी आपला निकाल एका रात्रीत देते, माती तोच दावा पुढे कित्येक दिवस चालवीत बसते. आणि चिकणमातीच्या उतारांसंबंधी गेल्या शंभर वर्षांत जे शास्त्र उभे राहिले त्याचा बहुतेक भाग या दोन गतींमधील तफावतीचा अभ्यास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या भाषेत दरडीला 'कोसळणे' हे एकच क्रियापद चिकटून बसले आहे. दरड म्हणजे जी कोसळते ती; जी सरकते, रेंगाळते, एका पावसाळ्यात चार बोटे पुढे येते आणि उन्हाळाभर स्वस्थ बसते, तिच्यासाठी आपल्याजवळ स्वतंत्र नाव नाही. शास्त्रज्ञांनी मात्र वेगावरून दरडींच्या जाती लावल्या आहेत. क्रूडन व वार्न्स यांच्या १९९६ च्या वर्गवारीप्रमाणे वर्षाला १६ मिलिमीटरांहून कमी सरकणारी दरड ती अतिमंद, १६ मिलिमीटरांपासून १.६ मीटरांपर्यंतची फार मंद, तेथून महिन्याला १३ मीटरांपर्यंतची मंद. आणि या श्रेणीच्या दुसऱ्या टोकाला सेकंदाला ५ मीटरांहून अधिक वेगाने धावणारी अतिशीघ्र दरड, जिच्यापुढून माणसाला पळून जाता येत नाही. वर्तमानपत्रांत येते ती बहुधा ही शेवटची. पहिल्या तिघींमुळे माणसे क्वचितच मरतात, परंतु घरे, रस्ते, कालवे, रूळ आणि जलवाहिन्या यांचा नाश त्या वर्षानुवर्षे, विनाबोभाट करीत राहतात, आणि या नुकसानीचा पंचनामा करण्यास कोणी येत नाही, कारण पंचनाम्याला एक तारीख लागते आणि मंद दरडीला तारीख नसते.

चिकणमाती ही काय चीज आहे हे दख्खनच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बेसाल्टच्या झिजेतून निर्माण झालेली आपली काळी जमीन, जिला जुने भूगोलकार रेगूर म्हणत आणि इंजिनिअर लोक काळी कापसाची जमीन म्हणतात, ती माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाने भरलेली असते. या खनिजाचे कण पत्त्याच्या पानांसारखे चपटे व इतके सूक्ष्म असतात की साध्या सूक्ष्मदर्शकात ते वेगळे दिसत नाहीत, आणि पानापानांमध्ये पाणी शिरले की ती गड्डी फुगते. वैशाखात हीच जमीन आटून फाटते. भेगा अशा पडतात की त्यांत हात मनगटापर्यंत जावा, आणि खोली कधीकधी मीटरभराहून अधिक. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून सरळ खाली उतरतो, तळाची माती वरच्या मातीआधी भिजते, मग फुगून भेगा मिटतात आणि आत गेलेले पाणी आतच कोंडले जाते. सपाट शेतात याचा उपद्रव एवढाच की नांगर अडतो आणि घराच्या भिंती तडकतात. उतारावर मात्र या फुगण्या-आटण्याला एक दिशा मिळते. फुगताना माती उताराला काटकोनात वर येते, आटताना ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत न जाता थोडी खालच्या बाजूला बसते, आणि अशा रीतीने दरसाल एक अत्यल्प पाऊल पुढे पडते, जे कधी मागे घेतले जात नाही.

माझ्या घरामागे ओढ्याच्या बाजूला एक जुनी कुंपणभिंत आहे, जिच्यावर हे पाऊल मोजण्याचा छंद मला बरीच वर्षे आहे. साधने दोनच : गवंड्याचा ओळंबा, आणि भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी. चैत्राच्या अखेरीस भिंत ओढ्याकडे कलते, भाद्रपदात ती पुन्हा सरळ होऊ पाहते, पण पूर्ववत् होत नाही. प्रत्येक फेऱ्यात सूत-अर्धा सूत अंतर राहूनच जाते. काचेची पट्टी मी आजवर चार वेळा बदलली. या घरगुती प्रयोगास शास्त्रीय मूल्य काहीही नाही हे मी जाणून आहे, तथापि वर्षभरात केव्हा काय घडते याची जी जाण त्यामुळे आली ती कोणत्याही आलेखाने आली नसती.

भिंतीचे सरकणे वरवरचे असते. ते जेथवर ऋतूंचा अंमल पोचतो तेथवरच चालते. खोल दरडीची कथा निराळी असून तिचे मर्म कार्ल टर्झागी यांनी १९२५ च्या सुमारास ओळखले. मातीला जे बळ असते ते कणांनी एकमेकांना दाबून धरल्यामुळे येते. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की तितक्या प्रमाणात कणांची आपसांतील मिठी सैल होते, आणि मातीच्या एका कणाचेही वजन न बदलता उतार दुर्बल होतो. यावरून दोन गोष्टी निघतात, ज्या सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहेत. एक ही की पाणी मातीला 'निसरडी' करते म्हणून दरड सरकते हे म्हणणे बरोबर नाही. पाणी मातीचे ओझे स्वतःवर घेते आणि कणांना एकमेकांपासून सोडवते. दुसरी ही की पाण्याचा दाब उणेही असू शकतो. चिकणमातीत नवा खड्डा खणला, वरचे ओझे काढून घेतले, म्हणजे ती फुगू पाहते, पण फुगण्यास लागणारे पाणी तिला लगेच मिळत नाही, आणि त्या तृषेत ती स्वतःच्या कणांना आत ओढून धरते. नव्याने कापलेला मातीचा उभा कडा जो इतका ठाम दिसतो, तो या उसन्या बळावर उभा असतो. उसने केव्हा परत मागितले जाईल हे मातीच्या जातीवर, भेगांवर, शेजारून गेलेल्या फुटक्या नळावर अवलंबून असते. कधी तासाभरात, कधी तीस वर्षांनी.

दापोडीकरांच्या स्मरणात यापैकी पहिला प्रकार अद्याप ताजा असेल. १ डिसेंबर २०१९ रोजी येथे जलनिःसारणाच्या कामासाठी खणलेल्या खोल खड्ड्यात एक मजूर मातीखाली अडकला, त्याला सोडवण्यास अग्निशमन दलाचे जवान उतरले, आणि काठाची माती पुन्हा ढासळून त्यांतील एक जवान व तो मजूर दोघेही प्राणास मुकले. त्या विशिष्ट जागेच्या मातीचा तपशील बाजूस ठेवला तरी उभ्या कापलेल्या मातीचा पहिला ढासळा हा शेवटचा नसतो, किंबहुना तो पुढच्या ढासळ्याची तयारी असतो, हा नियम तेथे दिसला. एक भाग पडला म्हणजे मागचा भाग अधिक उभा, अधिक उघडा होतो. लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या गावात आहे, जेथे माती कशी कापावी आणि कशी आधारावी याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते, त्याच गावाच्या गल्लीत हे घडावे, यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्ञान आणि खड्डा यांत कितीही थोडे अंतर असले तरी ते आपोआप ओलांडले जात नाही, एवढेच.

दुसरा प्रकार, वीस-तीस वर्षांनी परत मागितलेल्या उसन्याचा, लंडनच्या रेल्वेकटांत, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या उतारांत, सापडला. केन्सल ग्रीन येथील मातीला टेकू देणारी भिंत १९१२ त बांधली गेली आणि १९४१ त सरकली; नॉर्थोल्टचा कट १९३६ त रुंद केला गेला आणि १९५५ त घसरला. बांधताना कोणी चूक केली नव्हती. ए. डब्ल्यू. स्केम्प्टन यांनी अशा प्रकरणांची दप्तरे तपासून १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात दाखवून दिले की चिकणमातीला एक बळ नसून दोन असतात. अखंड मातीचे बळ मोठे असते. पण एकदा ती एका प्रतलावर तुटून सरकली, की त्या प्रतलावरील चपटे कण सरकण्याच्या दिशेने एकापुढे एक आडवे होतात, पृष्ठ घोटल्यासारखे गुळगुळीत होते, आणि मग जे बळ उरते ते मूळच्या बळाच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी असू शकते. या उरलेल्या बळाला अवशिष्ट बळ म्हणावे. माँटमोरिलोनाइटने भरलेल्या मातीत तर ते इतके उतरते की पाच-सहा ते दहा अंशांचा, डोळ्यांना जवळजवळ सपाट वाटणारा, उतारदेखील सरकू शकतो. आणि कण एकदा आडवे झाले की ते पुन्हा उठत नाहीत. हजारो वर्षांपूर्वी सरकून स्थिरावलेली आणि वर झाडेझुडपे वाढल्यामुळे विसरली गेलेली दरड पायथा थोडा कापला तरी पुन्हा चालू लागते, याचे कारण हेच.

येथवरच्या गोष्टींबद्दल तज्ज्ञांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नावर, आणि सामान्य माणसाला खरा रस असतो तोही त्यातच : जी दरड आज संथ आहे ती उद्या धावू लागेल काय?

दोन्ही बाजूंचे साक्षीदार भक्कम आहेत. इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयालगत टोक नावाच्या डोंगराची एक बाजू १९६० पासून सरकत होती. त्याच वर्षी डोंगरावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग उघडली. अभियंत्यांनी पाहिले की जलाशय भरला की वेग वाढतो, उतरवला की कमी होतो, आणि या निरीक्षणावरून त्यांनी असा तर्क केला की पाणी चढवून-उतरवून डोंगराला हळूहळू, लगाम धरून, खाली आणता येईल. तीन वर्षे हा लगाम चालला. ऑक्टोबर १९६३ च्या आरंभी वेग दिवसाला सुमारे वीस सेंटिमीटर झाला, तेव्हा पाणी उतरवले जात असूनही डोंगर थांबेना, आणि ९ ऑक्टोबरच्या रात्री सव्वीस-सत्तावीस कोटी घनमीटर खडक एका मिनिटाहून कमी वेळात जलाशयात शिरला. धरण आजही उभे आहे. धरणावरून गेलेल्या लाटेने खालचे लोंगारोने गाव नाहीसे केले आणि सुमारे दोन हजार माणसे मेली. डोंगर चुनखडकाचा होता, पण त्याच्या थरांमध्ये चिकणमातीच्या पातळ पट्ट्या होत्या, आणि घसरला तो त्या पट्ट्यांवर.

उलट साक्ष अमेरिकेतील कोलोरॅडोच्या स्लमगलियन दरडीची. तिचा सुमारे चार किलोमीटर लांबीचा चालता भाग तीनशेहून अधिक वर्षे चालतोच आहे, जलद असतो तेथेही दिवसाला एक-दोन सेंटिमीटर, आणि या अवधीत तो एकदाही धावलेला नाही. तिच्यावर संशोधन करणाऱ्यांना २००९ त आढळले की ती दिवसातील ठरावीक वेळी, हवेचा दाब किंचित उतरतो तेव्हा, किंचित अधिक सरकते. इतक्या नाजूक तोलावर ती उभी आहे, तरी तो तोल कधी मोडत नाही. मला स्वतःला हा शोध सगळ्या विषयातील सर्वांत विस्मयकारक वाटतो, कारण त्यात एक प्रचंड भूभाग हवेच्या दाबाला उत्तर देताना दिसतो.

या दोन साक्षींची सांगड घालण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतील मला पटणारा विचार असा. सरकताना घसरतळाजवळची, म्हणजे दरड ज्या प्रतलावर घसरते त्याच्याजवळची, माती काही ठिकाणी फुलते; कण एकमेकांवर चढतात, मधल्या पोकळ्या वाढतात, पाणी आत खेचले जाते आणि पाण्याचा दाब उतरून पुन्हा मिठी घट्ट होते. अशी दरड स्वतःच स्वतःचा रोध करते. वेग वाढवण्याचा प्रत्येक प्रयत्न तिला महाग पडतो. जेथे माती फुलण्याऐवजी दबते, पोकळ्या मिटतात, पाण्याला पळण्यास वाट मिळत नाही, तेथे मात्र सरकणे स्वतःलाच चेतवते. आणि घसरतळ पातळ व वरचा खडक अखंड असेल तर घर्षणाच्या उष्णतेनेही पाण्याचा दाब वाढतो, असा वायोंतच्या बाबतीत पुष्कळांचा तर्क आहे. याखेरीज घसरतळाचा आकारही निर्णायक ठरतो. पायथ्याला वर उचलणारा, बशीसारखा तळ असेल तर पुढे गेलेली माती मागच्या मातीला अडवते. तळ सरळ बाहेर उघडा असेल तर अडवण्यास कोणी राहत नाही. बहुतेक चिकणमातीच्या दरडी पहिल्या जातीच्या असतात, म्हणूनच त्या शतकानुशतके संथ राहतात. त्या धावल्या तर बहुधा त्यांच्या स्वभावामुळे नव्हे. कोणी पायथा कापला, माथ्यावर भराव टाकला किंवा पाण्याची वाट अडवली म्हणून.

कॅलिफोर्नियातील पोर्तुगीज बेंड हे याचे चांगले उदाहरण. तेथे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या बेंटोनाइटच्या, म्हणजे आपल्या काळ्या मातीच्या सख्ख्या भावंडाच्या, थरावर एक प्राचीन दरड निजलेली होती. १९५६ त रस्त्याच्या कामाचा भराव तिच्या माथ्यावर पडला आणि ती जागी झाली. त्यानंतर जवळजवळ सात दशके घरे तडकत, नळ तुटत, रस्ते पुन्हापुन्हा डांबरून ती आपल्या गतीने समुद्राकडे सरकत राहिली. २०२३ व २०२४ च्या भरपूर पावसानंतर तिचा वेग काही भागांत आठवड्याला सुमारे एक फुटावर गेला. तरीही ती कोसळली नाही. घरांच्या विजेच्या तारा मात्र तोडाव्या लागल्या.

धोक्याच्या वेळेचे भाकीत करण्याची एक पद्धत जपानी संशोधकांनी बसवली आहे. सैतो यांनी १९६५ त दाखवले की अखेरच्या टप्प्यात वेग वाढत जातो त्या वाढीवरून उरलेल्या वेळेचा अंदाज करता येतो. फुकुझोनो यांनी १९८५ त त्याचे रूपांतर एका साध्या आलेखात केले, ज्यात वेगाचा व्यस्त अंक मांडला की तो एका सरळ रेषेने शून्याकडे उतरू लागतो, आणि रेषा जेथे शून्याला टेकेल तो कोसळण्याचा क्षण. पद्धत सुंदर आहे, आणि फसवीही. एखाद्या पावसाळ्यात रेषा शून्याकडे निघते, लोकांना गावाबाहेर काढले जाते, पाऊस थांबतो, रेषा पुन्हा वर जाते, आणि पुढच्या वर्षी कोणी हलायला तयार होत नाही. या पद्धतीला मागची पुष्कळ वर्षांची नोंद हाताशी लागते. दोन महिन्यांच्या वाचनावरून ती वापरणे म्हणजे एका श्वासावरून माणसाचे आयुर्मान ठरवण्यासारखे आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. प्रथमच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल की महाराष्ट्रात ज्या दरडींनी हाहाकार केला त्यांतील बहुतेक संथ जातीच्या नव्हत्या. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली ती एस. टी.च्या एका चालकामुळे, ज्याला नेहमीच्या वाटेवर गाव दिसेना; दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ज्यांचे सांगाडे बांधले जातात तशाच एका लाल गाडीचा तो चालक, आणि आपल्या राज्याच्या आपत्तीसूचक यंत्रणेतील त्या दिवसाचा सर्वांत दक्ष अधिकारी तोच म्हणावा लागेल. २५ व २६ जुलै २००५ ला महाड परिसरातील दासगाव, जुई आदी गावांत मिळून मृतांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी, जेथे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहून शोध थांबवावा लागला. या साऱ्या ठिकाणी कठीण बेसाल्टवर मुरूम व मातीचा पातळ थर, तीव्र उतार, आणि काही तासांत ओतलेला पाऊस असा योग होता; अशा थरात पाण्याचा दाब चढण्यास वर्षे लागत नाहीत, एक रात्र पुरते.

तथापि अशा डोंगरांनाही अल्पसा संथ काळ असतो, आणि तो महत्त्वाचा असतो. माथ्याशी उताराला आडवी भेग पडणे, झरा एकाएकी आटणे किंवा नव्या जागी गढूळ होऊन फुटणे, दारे चौकटीत अडकणे, झाडे कलणे, ही चिन्हे कोकणातील व मावळातील म्हाताऱ्यांना ठाऊक आहेत. फरक एवढाच की जाड चिकणमातीचा उतार ही सूचना वर्षानुवर्षे देत राहतो, आणि सह्याद्रीचा पातळ थर ती दिवस-दोन दिवस, कधी काही तास, देतो. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर सांगण्यात आले. यादीत नसणे हा डोंगराचा गुणधर्म नसून यादीचा असतो.

खरी संथ दरड पाहावयाची तर घाट उतरून कोकणात जावे. तेथे वर जांभा, खडबडीत आणि कठीण, आणि त्याखाली बेसाल्ट कुजून झालेली पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती. जांभा पाणी खाली जाऊ देतो, ती माती ते अडवते, आणि दोहोंच्या सांध्यावर पावसाळाभर पाणी साचून राहते. या रचनेची पूर्ण किंमत कोकण रेल्वेने मोजली. २६ जानेवारी १९९८ रोजी खुल्या झालेल्या या मार्गावर कठीण खडकातील लांबच लांब बोगद्यांनी जो त्रास दिला त्याहून अधिक मऊ मातीतल्या बोगद्यांनी दिला, आणि त्यांतही पेडण्याच्या बोगद्याने कसोटी पाहिली. आपण बोगदा खणतो, अस्तर घालतो, गाडी धावू लागते आणि काम संपले असे मानतो. माती तसे मानीत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये त्यात खालून पाणी व चिखल वर येऊन वाहतूक थांबली, म्हणजे पाव शतक उलटल्यावरही हा जमाखर्च मिटलेला नव्हता. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कटात दरड येऊन गाडी घसरली व पन्नासहून अधिक प्रवासी दगावले, त्यानंतर कटांचे उतार कमी करणे, पायऱ्या पाडणे, जाळ्या बसवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. पावसाळी वेळापत्रक, कमी केलेला वेग, आणि रात्रभर कंदील-विजेरी घेऊन रुळांवरून गस्त घालणारे ट्रॅकमन ही व्यवस्था त्या धड्याचेच फळ आहे. ओल्या अंधारात तोच कट रोज पाहणाऱ्या त्या माणसाला कोणती बाजू कालच्याहून फुगलेली आहे हे जसे कळते तसे कोणत्याही यंत्राला अद्याप कळत नाही, असे मला वाटते. पण त्याचे हे ज्ञान गस्तीच्या वहीत 'सर्व ठीक' या दोन शब्दांत विरून जाते.

आपण काम संपले म्हणतो तेव्हा माती तसे मानीत नाही, या दृष्टीने पुनर्वसित माळीणची हकीकतही बोधक आहे. आमडे येथे वसवलेल्या नव्या गावाचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ ला झाले, आणि त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रस्ते खचले, भराव बसला, काही भिंतींना तडे गेले. लोकांत घबराट उडाली, ती साहजिकच होती. उतार कापून एका बाजूची माती दुसऱ्या बाजूला टाकली की कापलेली बाजू आपले उसने बळ फेडू लागते आणि टाकलेली बाजू आपल्याच वजनाखाली दबू लागते. दोन्ही क्रिया पाण्याने वेग घेतात, आणि पहिले दोन-तीन पावसाळे हा त्यांचा ऐन भर असतो. नव्या जागी घरे बांधण्याची निकड आणि मातीला बसण्यासाठी लागणारे पावसाळे यांचा मेळ घालणे हा राजकीय प्रश्न आहे, शास्त्राला त्यात फारसे बोलता येत नाही.

उपायांबद्दल थोडक्यात. जगभरातल्या अनुभवाचे सार दोन कामांत येते : पायथ्याला वजन द्यावे, आणि पाण्याला बाहेर काढावे. भिंती, खिळे, जाळ्या यांचे स्थान आहे, पण दहा-पंधरा मीटर खोल घसरतळावर सरकणाऱ्या दरडीला दोन मीटरांची दगडी भिंत अडवू शकत नाही, ती तिच्याबरोबर प्रवास करते. माथ्यावर चर काढून पाणी बाजूला वळवणे आणि उतारात आडवी छिद्रे पाडून आतले पाणी खेचणे ही कामे दिसायला क्षुद्र, खर्चाला कमी आणि उद्घाटनाला निरुपयोगी असतात. शिवाय ती दर पावसाळ्यापूर्वी साफ करावी लागतात, आणि आपल्याकडे सांडपाण्याचे गटारही ज्या नियमाने साफ होते तो सर्वश्रुत आहे.

राहिला नोंदीचा प्रश्न. ज्या दिवशी माळीण गेले त्या दिवसाला बरोबर अकरा वर्षे झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२५ ला, श्रीहरिकोट्याहून भारत व अमेरिका यांचा निसार हा उपग्रह सुटला. तो दर बारा दिवसांनी पृथ्वीवरील त्याच जागेवरून जातो आणि रडारच्या लहरींतील फरकावरून जमीन किती हलली हे सेंटिमीटरांत, अनुकूल परिस्थितीत त्याहूनही बारीक, सांगू शकतो. यापूर्वीच्या बहुतेक उपग्रहांच्या आखूड लहरी सह्याद्रीच्या गच्च पानांत अडकत. याच्या सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरी पानांतून जमिनीपर्यंत बऱ्यापैकी पोचतात. संथ दरडीसाठी हे साधन वरदानासारखे आहे. ज्या उताराचा संथ काळ बारा दिवसांहून कमी असतो त्याला मात्र दोन फेऱ्यांच्या मध्ये कोसळण्यास पुरेसा अवकाश मिळतो, आणि आपले बहुतेक उतार तशा जातीचे आहेत.

म्हणून गावातच राहणाऱ्या कोणाच्या तरी हाती वही हवी, असे मला वाटत आले आहे. नदीने कापून नेलेल्या आणि मळईने वाढवलेल्या जमिनीचा विचार आपल्या महसुली व्यवस्थेने जुन्या काळापासून केलेला आहे, कारण त्यावर सारा घटत-वाढत असे. हद्दीचा दगड स्वतःच चालू लागला तर मोजणीदाराने मूळ जागा धरावी की दगड धरावा, हा प्रश्न मी एकदा एका निवृत्त तलाठ्याला विचारला होता. आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याआधीच्या पिढीतले ते गृहस्थ. ते पुष्कळ वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "अहो, आमच्या वेळी भिंत कलली तर आम्ही शेजाऱ्याला नोटीस द्यायचो."

या भाद्रपदात मी काचेची पाचवी पट्टी बसवली आहे.